वाढवणे

मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान.
डावीकडं रक्त-लघवीची लॅब,
उजवीकडं शिवाप्पा: हार, मडकी, बांबू, पांढरं कापड.
त्याच्या पाटीवर एवढंच: ‘सर्व साहित्य मिळेल’.
कसलं साहित्य, हे सतरा वर्षांत
एकाही गिऱ्हाइकानं विचारलेलं नाही.

लोक इंग्रजी कागद घेऊन येतात.
वाचून सांगायचे दहा रुपये,
मराठीत लिहून हवं असेल तर तीस.

बुधवारी भूपाल मगदूम आला, कुपवाडच्या फाउंड्रीतला.
नखांत काळं वंगण,
पाकीट मात्र ब्लेडनं, कड न दुखवता उघडलेलं.
पहिल्या ओळीत कंपनीला खेद होता.
दुसरीत अभिमान, त्याच्या तेवीस वर्षांचा.
तिसरीत ‘राइटसायझिंग’.
म्हटलं, कंपनी बेताची करतायत,
अंगाबरोबर, शिंपी झबलं बेततो तशी.
चौथीत ‘वुई आर लेटिंग यू गो’.
म्हटलं, सोडतायत तुम्हाला.

‘सोडत्यात?
मी काय कोंडवाड्यात हुतो व्हय?
आन् जातो म्हनून मी कवा म्हनलो?’

दोन वर्षांपूर्वी याच माणसाचा अर्ज मी टाइप केला होता:
भट्टीपाशी हातमोजे मिळावेत, ही विनंती.
मिळाले नाहीत.
आज कळलं, ते कुठं गेले.
हे पत्र लिहिणाऱ्यानं ते घातले होते.

तसे रोजच येतात असले शब्द.
परवा नसीमा मुल्लाणीनं वडलांचा कागद पुढं केला.
‘एक्स्पायर्ड’, वेळ पहाटे चार दहा.
हाच शब्द तिच्या पिशवीतल्या खोकल्याच्या बाटलीवर होता.
तिनं दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं
आणि मला विचारलं,
‘म्हणजे तारीख उलटून गेली होती का अब्बांची?’
दहा रुपये मी घेतले. का घेतले, कोण जाणे.

मी इंग्रजीला नावं ठेवत बसले,
आणि माझ्याच मनगटाकडं लक्ष गेलं.

आम्ही नारळ फोडत नाही, वाढवतो.
आठ बाय दहाचं हे दुकान मी रोज रात्री वाढवते,
अजून ते आठ बाय दहाच आहे.
आणि त्या सकाळी, कृष्णेच्या घाटावर,
चुलत सासूनं माझे हात धरून
दगडावर बांगड्या वाढवल्या.
हिरव्या, सहा आणि सहा.
फुटल्या, असं कुणीच म्हटलं नाही.
घाटावरच्या एवढ्या बायका, एकीनंही नाही.
एक काच आत राहिली होती,
पावसाळ्यात अजून ठणकते.

त्या शब्दानं मला झाकलं होतं
की त्यांना,
हे मला आजही धड सांगता येत नाही.

‘मराठीत लिवून द्या,’ भूपाल म्हणाला,
‘घरात दाखवाय. पर जरा...’
आणि हातानं हवेत काहीतरी सपाट केलं,
वाळूचा साचा थापटावा तसं.

मी ‘सेवामुक्त’ टाइप केलं. खोडलं.
‘विश्रांती’ टाइप केलं. खोडलं.
मग लिहिलं: कामावरून काढलं.
तीनच शब्दही नाहीत, तरी कागद जड झाला.
त्यानं ते ओठ हलवत वाचलं, दोनदा.
घडी घातली, वरच्या खिशात ठेवली,
तीस रुपये काचेवर मोजले.
‘येतो ताई,’ म्हणाला.
जाताना आपण तेच म्हणतो.

शटर ओढलं तेव्हा नऊ वाजले होते.
शिवाप्पा मडकी आत घेत होता.
‘काय वहिनी, वाढवलं?’
‘नाही,’ म्हटलं. ‘बंद केलं.’

तो, ज्याच्या दारात दिवसाला पाच तिरड्या बांधल्या जातात,
तो केवढ्यानं दचकला.
‘असलं अभद्र बोलू नये, तिन्हीसांज जवळच असती,’
नऊ वाजता म्हणाला.
आणि मेलेल्या कुणासाठी तरी ओवलेल्या हारातला
उरलेला एक झेंडू
माझ्या कुलपात खोचून गेला.